तीनशे ग्रॅम

त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धा बडोद्यात होती.
सत्तावन्न किलो, फायनल:
दौलत फणसे, यजमान,
विरुद्ध मी, इंदूरचा.

सकाळी सहाला काट्यावर चढलो
तर काटा तीनशे ग्रॅम पुढे.
पंचांनी अर्धा तास दिला.
घोंगडी गुंडाळून पॅव्हेलियनभोवती धावलो,
थुंकत राहिलो, केस भादरले,
शेवटी लंगोटही सोडून उभा राहिलो,
आठ माणसांसमोर, जानेवारीत.
काटा हलला. पुरेसा नाही.

(आदल्या रात्री मांडवीखाली
एक ग्लास उसाचा रस प्यालो होतो.
हे बायकोलाही सांगितलेलं नाही.)

दौलतला सुवर्णपदक मिळालं.
अंगाला घाम नाही, गुडघ्याला खरचटलं नाही,
पंचांनी हात वर केला तेवढंच.
पेपरातल्या फोटोत त्याचा चेहरा
दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिलेल्या माणसासारखा.

पुढचं निरोप समारंभात दोन ओळींत वाचून दाखवलं:
पदकावर नोकरी, पतियाळाचा डिप्लोमा,
एकतीस वर्षं कुस्ती-प्रशिक्षक.
शाल. श्रीफळ.

मला सासुरवाडीने बडोद्यात आणलं, बँकेने ठेवून घेतलं.
संध्याकाळी त्याच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाऊन बसायचो.
"आलास, इंदूर?" एवढंच म्हणायचा.
नावाने त्याने मला कधी हाक मारली नाही.

नव्या पोराला महिनाभर डाव शिकवत नाही तो.
पडायला शिकवतो.
"हनुवटी छातीला. तळहात आधी.
मॅटचा आवाज आला पाहिजे, हाडाचा नाही."
मग पूल: मान आणि टाचा टेकलेल्या, मधे कमान,
त्या कमानीखालून स्वतःची चप्पल सरकवायची,
पाठीला लागली की पुन्हा पहिल्यापासून.
एकेरी पट, ढाक, कलाजंग.
डावांची नावं मराठीत, शिव्या गुजरातीत,
आणि छोटा उदेपूरकडची राठवा पोरं
दोन्हींना सारखीच मान हलवतात.

एका ऑगस्टात विश्वामित्री हॉलमध्ये शिरली.
मॅट फुगून म्हशीसारखी पडली होती.
त्याने पहिल्यांदा काटा उचलून डोक्यावर घेतला,
मग ट्रॉफ्या.

नडियादला कृपा तडवी चारशे ग्रॅम जास्त भरली.
पन्नास किलोचा गट, वीस मिनिटं हातात.
प्लास्टिकचं जाकीट घालून पळत होती पोरगी,
ओठांवर पांढरं फुटलेलं.
दौलत घड्याळ धरून उभा.
चौथ्या फेरीला तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही.
त्याने घड्याळ खिशात टाकलं.
"बस, बेटा."

मैदानाबाहेर रसाची गाडी होती.
तिला एक ग्लास, मग दुसरा.
एक मला. एक स्वतःला.
"वरच्या गटात लढेल," आत जाऊन सांगितलं.
लढली. दीड मिनिटात दहा-शून्य.
पण पडली छान.

परतीच्या एसटीत कृपा खिडकीला डोकं लावून झोपली.
वासदच्या अलीकडे, समोर बघत, तो म्हणाला,
"इंदूर, त्या रात्री मी पण मांडवीखाली होतो.
रसवाल्याच्या पलीकडच्या बाकड्यावर.
तू ग्लास तोंडाला लावलास तेव्हा
हाक मारणार होतो.
तुझं नाव तोंडात आलं होतं."

मी काही बोललो नाही.
माझ्याही जिभेवर तो रस होता,
आलं घातलेला, बर्फ न घातलेला.

महीच्या पुलावर गाडी उसळायला लागली.
पोरीचं डोकं काचेवर आपटत होतं.
त्याने हात लांब करून
तळवा मधे धरला,
आणि पूल संपला तरी काढला नाही.