वरच्या मजल्यावरची पावलं

पहाटे साडेपाचला आमचं छत जागं होतं.
आधी एक धप्, मग लहान पायांची धावाधाव
बाथरूमपासून गॅलरीपर्यंत,
मग काहीतरी गोल घरंगळतं. डबा? भोवरा? कुकरचं झाकण?
आणि एक बाई दबक्या आवाजात पोलिशमध्ये रागावते.
रागावणं कळतं. त्याला शब्दकोश लागत नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये
ते जूनमध्ये आले. नवरा अंबडच्या कारखान्यात;
कंपनीची गाडी सातला नेते, रात्री आठला सोडते.
मधले तेरा तास बाई, टोमेक, हान्या,
भाजीवाल्याच्या हाकेला दचकणं,
शनिवारी दुरुस्तीसाठी जाणारे लाइट.

मी तक्रार करायलाच गेले होते. खरंच.
वाक्य तयार होतं, इंग्रजीतलं, 'प्लीज'सकट,
जिना चढताना दोनदा म्हणूनही पाहिलं.
तिनं दार उघडलं, आणि मी तोंड उघडायच्या आत:
सॉरी. सॉरी. मुलं… सॉरी.

ते सॉरी माझं होतं.
ड्युसेलडॉर्फला सहा वर्षं मी तेच वापरलं,
ट्रॅममध्ये, बालवाडीच्या फाटकाशी,
कचऱ्याच्या चार डब्यांपुढे, कशात काय टाकायचं न कळून.
पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी दाणे कुटले
तर खालच्या म्हाताऱ्या बाईंनी दाराला चिठ्ठी चिकटवली.
सरळ उभं अक्षर, खाली सही, तारीखसुद्धा.
ओजस अंगावर पीत होता,
एका हातानं शब्दकोशाची पानं उलटत
तासभर लावत बसले ती चिठ्ठी.
अर्थ लागला: रविवार शांततेचा असतो.
पुढचे सगळे रविवार मी मोज्यांत काढले,
पोरांनाही मोज्यांत वाढवलं,
आणि नाशिकहून आईचा फोन आला की कुजबुजत बोलले.
'घसा बसलाय का गं?'
'हो, थंडी आहे.'

तेवढ्यात तिच्या मागून टोमेक आला, चड्डी उलटी,
म्हणाला, 'काकू, आमचं पानी गेलं ना. मोटर लावाया सांग.'
शब्द वॉचमन गावितचे, हेलही त्याचाच,
थेट सुरगाण्याचा.
आई त्याच्याकडे बघत राहिली.
ओळखते मी ती नजर.
आपल्याच पोरानं आपल्यापुढे चालत जावं
आणि वळून हात द्यावा,
तेव्हा नक्की काय वाटतं, मला अजून सांगता येत नाही.
ओजस माझा दुभाषा होता, चार वर्षांचा.
एकदा बालवाडीच्या बाई माझ्याकडे बघत
खूप वेळ काहीतरी बोलल्या,
त्यानं मला तीन शब्दांत सांगितलं: 'काही नाही, आई.'
काय होतं ते, कळलं नाही कधीच.

मोटर लावली. टाकी भरायला वीस मिनिटं.
आम्ही दोघी पायरीवर बसलो,
बोलायला खूप होतं, भाषा नव्हती.
हान्या माझ्या बांगड्या मोजत होती,
निदान मला तसं वाटलं. नावंही ठेवत असेल.
खाली झोपाळ्यावर रेवा. तिचं जर्मन
दोन पावसाळ्यांत वाहून गेलं, ओजसचंही.
एक शब्द उरलाय, झोका मंदावला की येतो:
नोखमाल!
पुन्हा, असा अर्थ. तिला तो माहीत नाही.
तिला वाटतं, झोपाळ्याशी असंच बोलतात.

टाकी वाहू लागली, गावित ओरडला,
ती पहिल्यांदाच हसली
आणि लगेच सॉरी म्हणाली.
जिना उतरताना माझं वाक्य जिभेवर तसंच होतं,
'प्लीज'सकट.

उद्या साडेपाचला पुन्हा धप् होईल.
ओजस उशी डोक्यावर घेईल,
मेच्या त्या उकाड्यात, पंखा पाचवर,
आणि झोपेतच विचारेल,
'आई, हे वरचे मोजे का घालत नाहीत?'