रेमेदियोसचं पोट

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मोठ्या भरतीला,
शुर्शोनं तिला पट्ट्यांत घालून वर उचललं
आणि सवयीनं मी आधी बघितली ती तार.
सदतीस वर्षं विगो शहरात लिफ्ट दुरुस्त करत काढली;
टांगलेल्या वस्तूखाली उभं राहायचं
तर तिच्याकडे नाही, वरच्या चाकाकडे बघावं.

मग सहा टेकू, ओंडके, पाचरी.
आरोसाच्या खाडीत असते तेव्हा केवढीशी,
इथे डांबरावर तिचं पोट माझ्या डोक्याच्या वर
आणि त्यावर वर्षभराची दाढी:
शेवाळ, बार्नॅकल,
पंख्याच्या आडोशाला शिनाण्यांचं अख्खं कुटुंब,
समोरच्या तराफ्यांवरून पळून आलेलं.
दोसिंदाला फोन केला, म्हटलं, पातेलं ठेव.
ती म्हणाली, विषारी रंगावर वाढलेलं मी शिजवत नसते,
आणि तुझ्या त्या रेमेदियोसला सांग
लग्न माझ्याशी झालंय.

नाव मी ठेवलेलं नाही.
होडी घेतली सेर्वान्दोच्या मुलांकडून;
रेमेदियोस त्याची आई की आणखी कोण
विचारायचं राहून गेलं.
दर वर्षी तीच अक्षरं पुन्हा रंगवतो,
शेवटच्याची तुटकी शेपटीसुद्धा.

काम म्हणजे काय, तर उताणं पडून खरवडणं.
लाल भुकटी कॉलरमधून आत, कानात, पावात,
रात्री उशीच्या अभ्य्रावर.
पूर्वी दीड दिवस पुरायचा, आता पाच.
शुर्शो भाडं दिवसावर लावतो,
खांद्याच्या वयाला सूट नाही.
मुलगा म्हणतो, पैसे देऊन करून घ्या ना.
पैसे आहेत. प्रश्न पैशाचा नाही.
मग कसला, ते तो विचारत नाही,
बरंच आहे,
माझ्याकडे उत्तर कुठंय.

शेजारच्या टेकूंवर एर्मितासची होडी, तिसरं वर्ष.
बाई लिलावात मासे पुकारायची,
अजून कॉफी हवी का विचारते
तरी बंदरभर ऐकू जातं.
रोज तीच झडप घासते, तेच वॉर्निश.
तिच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो.
तिनंच माझ्या सुकाणूजवळ बोट ठेवलं: ही गेली.
मी सुरी टोचली.
मुठीपर्यंत गेली, लोण्यात जावी तशी.

दोन संध्याकाळी ती फळी काढण्यात,
तीन नवी बसवण्यात,
मग कापसाची वात, लाकडी हातोडी, कलफात.
एर्मितास बादलीवर बसून ठोक्यांवरून सांगायची,
इथे सैल, इथे बरं, इथे पुन्हा.
शुर्शो येता जाता म्हणाला,
लाकडी होडी फार दिवस कोरडी ठेवू नये,
सांधे उघडतात.
म्हणाला माझ्या होडीकडे बघून,
पण बाई उठली, झडप घासायला गेली.

सोमवारी भरती साडेपाचची.
टेकूंनी जिथे हात लावले होते
तिथे सहा उघडे चौकोन उरतात,
ते रंगवायचे ती पट्ट्यांत लटकत असताना.
दहा मिनिटं, शुर्शो म्हणाला, घड्याळ दाखवून.
मी तिच्या खाली गेलो ब्रश घेऊन.
ह्या वेळी वर चाकाकडे बघितलं नाही,
वेळच नव्हता.
एर्मितास दुसऱ्या ब्रशनं पलीकडची बाजू करत होती;
तिला कुणी बोलावलं नव्हतं.
सहावा चौकोन ओलाच पाण्यात गेला.

पहिल्या रात्री पाणी येणारच.
मी आत झोपलो, स्पंज आणि बादली घेऊन.
अकराला बादलीभर,
एकला अर्धी.
तीनला दोसिंदाचा फोन: किती?
पाव.
मग झोप आता.

झोपलो नाही.
लाकूड फुगताना आवाज होतो का
ते ऐकत पडलो.
होत नाही.