गळतग्याची

शलाकानं कनेक्टिकटहून फोटो पाठवला
तिच्या सासरच्या पुस्तकाचा. सहाशे पानं, जाड पुठ्ठा,
सोळाशे अडतीसपासूनचे सगळे त्यात:
कोण कुठल्या गलबतातून उतरला,
कुणी नदीवर गिरणी घातली, कोण चर्चमध्ये भांडला,
आणि मेला तेव्हा घरात काय निघालं तेसुद्धा.
एक गाय, दोन हंडे,
पिसांची गादी, अर्धी झिजलेली.

खाली लिहिलं होतं, काका, आपलंही बघ ना.
बाळाच्या खोलीत भिंतीवर झाड लावायचंय.
नेथनची बाजू भरली,
माझी फार मोकळी दिसते.

मी निपाणीच्या तंबाखू वखारीतला दिवाणजी.
चाळीस वर्षं बोद मोजले, खोकलो, आणि घरी बसलो.
माणसं मोजायला कचेरीत पहिल्यांदाच गेलो.

मोडीत तो सत्तू वलद धोंडी.
कन्नड उताऱ्यात सत्यप्प, तंदे दोंडीबा.
इंग्रजी कागदावर कुणा कारकुनानं पोवारचं
सरळ पॉवर करून टाकलं होतं,
आणि त्या पॉवरखाली डाव्या हाताचा अंगठा.
तिघं एकच, असं लिहून द्यायला
वकिलानं नऊशे घेतले, स्टँप वेगळा.
पणजोबा, एका पावणेदोन एकरांत
एवढे कसे पसरला होता तुम्ही?

मग त्यांच्या बायकोचं विचारलं.
खिडकीतली पोरगी नवीन होती, बोट फिरवत राहिली
त्या ओळीवरून, पुन्हा त्याच ओळीवरून.
'हेसरु इल्ला री. हेंडती अंत इदे.'
मला कळलं होतं. तरी तिनं मराठीत सांगितलं,
हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं,
'नाव नाही काका. बायको, एवढंच आहे.'

दिवाळी झाल्यावर भरमू हेळवी आला.
त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा स्प्लेंडरवर.
पण ओसरीवर बसताना
एक पाय रिवाजाप्रमाणं दुमडून धोतराखाली झाकला,
आणि डोळे मिटून सुरू झाला:
याचा तो, त्याचा तो, दुष्काळात कोण कुठून उठला,
भाऊबंदकीत कोणाचा बांध कोणी रेटला,
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मधे श्वास नाही.
सत्याप्पाशी मी त्याला थांबवलं.

'बाया आमच्या वहीत नसतात,' म्हणाला,
'पोरगी दिली की ओळ संपली.'
चहा प्याला. बशी खाली ठेवली.
'तुमची ती मात्र गळतग्याची.
माहेरून येताना रेडी घेऊन आली होती.
पुढं त्या म्हशीचं तूप
आमच्या आज्याला मिळालं पावशेर. म्हणून ध्यानात.'

नाव?
'तूप ध्यानात आहे,' म्हणाला भरमू.

मी त्याला दोन पायल्या जोंधळा दिला, एक घोंगडं,
आणि वर आणखी पाचशे, का ते ठाऊक नाही.

रात्री शलाकाचा फोटो पुन्हा काढला,
दोन बोटांनी पहिलं पान मोठं केलं,
नातवाकडून वाचून घेतलं.
गलबतातून उतरलेल्या त्या पहिल्या माणसाची बायको:
मेरी. माहेरचं आडनाव माहीत नाही.
सहाशे पानं, आणि दुसऱ्याच ओळीला खड्डा.
त्यांच्याकडे नाव आहे, गाव नाही.
गाय कुणाची होती तेही लिहिलेलं नाही.

झाडाच्या चौकटीत मी भरलं, गळतग्याची.
शलाकाचा निरोप आला, काका, ते घेत नाहीये,
पहिलं नाव टाका म्हणतंय, त्याशिवाय पुढं जात नाही.

थांब म्हणालो.

उद्या सकाळच्या बसनं अकोळवरून जाईन.
गळतग्यात मला ओळखणारं कुणी नाही.
पारावर म्हातारे असतील चारदोन,
त्यांना नाव विचारून उपयोग नाही.
शंभर-सव्वाशे वर्षांमागं कुणाच्या गोठ्यातली
एक रेडी निपाणीला गेली,
एवढंच विचारीन.