छेद

रेंगानिसच्या टेबलावर चमेलीचा चहा निवतो आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, स्ट्रॉ तिरकी.
जकार्तातल्या या सातव्या मजल्यावर एसी असा
की खुर्च्यांनीसुद्धा स्वेटर पांघरलेत.

काम तसं सोपं:
राष्ट्रीय विमा योजनेच्या दाव्यांतून
सिझेरियनचं प्रमाण काढायचं, जिल्हावार.
वर अंश, खाली छेद, मधे एक आडवी रेघ.

भाषेने आधीच करून ठेवलेली चेष्टा:
जिच्या पोटावर छेद गेला, ती अंशात मोजायची.
जिच्या पोटावर नाही गेला, ती नुसती छेदात.
आणि जी घरीच मोकळी झाली, सुईणीच्या हातावर,
ती रेघेच्या ना वर, ना खाली.

दाव्यात रक्त नसतं. दाव्यात कोड असतो.
ओ-सहा-दहा-एक, म्हणजे कापलं, गुंतागुंत किरकोळ.
किरकोळ कुणाच्या मते,
ते मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही.

सगळा देश कोण मोजत बसणार?
म्हणून नमुना, मुठीत मावेल एवढा,
आणि प्रत्येक ओळीला एक वजन:
ही बाई एकशे नव्वद बायांएवढी,
ही तीनशे सहा.
बाळांची वजनं कुणी मागितली नव्हती.

दुपारी, अजान आणि लिफ्टची घंटी यांच्या मधे कुठेतरी
एक ओळ अडते.

पूर्व फ्लोरेस. तिसरा वर्ग. तीन रात्री.
ओ-सहा-दहा-एक.
वय एकसष्ट.
वजन चारशे बारा.

म्हणजे एकसष्ट वर्षांच्या चारशे बारा आज्या
पोट धरून, भिंतीच्या आधाराने,
वॉर्डातून संडासापर्यंत चालताहेत.
रेंगानिसला हसू येतं. मग येत नाही.

नियम तिचाच, प्रोग्रॅमच्या एक्केचाळिसाव्या ओळीत:
बारा ते पंचावन्न ठेवा, बाकी गाळा.
गाळलं तर त्या जिल्ह्याचा आकडा
दीड टक्क्याने उतरतो. बरा दिसतो.

ती लारान्तुकाला फोन लावते.
तपासनीस लाम्बर्तुस. मागे बोटीचं इंजिन, एक कोंबडा.
"एकसष्ट?"
मग तो काही बोलत नाही.
इंजिन बंद होतं. कोंबडा चालूच.
"टंकदोष असेल, मॅडम. त्र्याण्णवचं त्रेसष्ट झालं असेल.
कळा बघा ना, नऊच्या बरोब्बर खाली सहा असतो."
ती बघते. असतो खरा.
"तसंच असेल," ती म्हणते.
"तसंच. सामुद्रधुनीला त्या रात्री ओढही फार होती."

कुठल्या रात्री,
हे तिने त्याला सांगितलेलं नव्हतं.

ती एक्केचाळिसावी ओळ उघडते,
पंचावन्न खोडते, पासष्ट घालते.
तळटीप: वय नोंदीप्रमाणे.
चहा आता पार गार. ती तो तसाच पिते.
प्रोग्रॅम चालतो,
चारशे बारा जणी रेघेवर चढून बसतात.

बैठकीत साहेबांनी एवढंच विचारलं:
नकाशातला हा लाल फार भडक नाही का वाटत?
नारिंगी जमेल?

आणि अदोनारा बेटावर
केवा नावाची म्हातारी, खोकला झालाय म्हणून,
आरोग्य केंद्राच्या खिडकीत कार्ड सरकवते.
नवीन लागलेला पोरगा स्क्रीन वाचतो,
पुन्हा वाचतो,
मान वर करतो.
"आजी... टाके कसे आहेत?"

बाकावर बारेक, तिची सून, बाळाच्या पाठीवर थोपटत असते.
हात हवेत थांबतो.

केवा सारोंगवर, बेंबीच्या खाली, तळवा ठेवते
(तिथून सहा आली, दोन पुढे गेली,
पण सुरी कधी आली नाही)
आणि जरा खोकून घेऊन म्हणते:
"बरे आहेत रे बाबा.
ओझं उचललं की तेवढे ओढतात."