नो प्लांचार

खैरानी रोडला, बॅटरीवाल्याच्या वरच्या माळ्यावर
मी खमिसांच्या बगलेत लेबलं शिवते.
दिवसाला सहाशे. माल निघायचा असेल तर आठशे.
लेबलावर चित्रं, चित्रांखाली तिकडची अक्षरं:
घमेल्यात बुडालेला हात, मानो.
पाण्याच्या लाटा, आग्वा फ्रिआ.
इस्त्री आणि तिच्यावर काट, नो प्लांचार.
एवढीच माझी स्पॅनिश.
हाताने धुवायची, गार पाण्यात.

इस्त्रीच्या टेबलावर इर्शाद, बहराइचचा.
पार्सलवाल्या पोराने त्याच्या मोबाइलमध्ये एक गाणं टाकलेलं.
बाई गाते, बाप्या बोलतो.
बोलतो म्हणजे, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडावं तसं,
पण तालात, आणि मध्ये श्वास न घेता.
बाईला कसली घाई नाही.
दुधावरची साय बोटाने सरकवावी
तसा एकेक शब्द बाजूला करत जाते.

तीन मिनिटं अकरा सेकंद. दिवसातून चाळीस वेळा.
पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, बंद कर रे मेल्या.
तिसऱ्या आठवड्यात माझा पाय पॅडलवर त्याच ठेक्यात पडायला लागला
आणि शेठने पीस मोजून विचारलं,
काय खाऊन येतेस हल्ली?

मी बाईचं म्हणायची. तो बाप्याचं.
शब्द खरे नव्हतेच, नुसते शब्दांचे आकार,
आणि त्याची ओळ संपली की वाफ, फुस्स.

एकदा तिच्या ओळीतून,
परक्या गावच्या बाजारात आपल्या चाळीतलं कुणी दिसावं तसा
शब्द आला: मानो.
मी ओरडलेच, हात! ती हात म्हणतेय!
मशिनी थांबल्या.
कटिंग मास्तर कात्री न उचलता म्हणाले, कुणाचा?
मग डबे संपेपर्यंत माळाभर तोच वाद,
हात कुणाचा, मागितला की सोडला.

मी लेबल नाचवून त्याला चिडवायची,
हे बघ, तिकडे तुझ्या कामाला बंदी आहे.
तो म्हणायचा, फिर भी कर रहा हूँ ना, दीदी.
पुढे पुढे म्हणायचा, फिर भी कर रहा हूँ ना.

भाचीने, शर्वाणीने, फोनवर अर्थ काढला.
मावशी, ती म्हणतेय,
दार लोटलेलं आहे, हात धुऊन ये, जेवण निवतंय.
आणि तो?
तो त्याच्या गाडीबद्दल सांगतोय गं.
आणि गल्लीतल्या पोरांनी त्याला कसं बुडवलं ते.
तिला उत्तर?
कुठेच नाही.
मग शेवटी दोघं मिळून म्हणतात ते?
ते नुसतंच ए-ए-ए आहे.

हे मी इर्शादला सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी ए-ए-ए मात्र जरा जास्तच लांबवलं.
त्याने इस्त्री उभी करून ठेवली होती, तेवढा वेळ.

भिवंडीला रोजाचे दीडशे जास्त देतात.
तो गेला, मोबाइल त्याच्या खिशात गेला,
गाणं मोबाइलबरोबर.
नवा इस्त्रीवाला नलगोंड्याचा, शहाणा मुलगा,
कानात बोंडं घालून असतो,
काय ऐकतो ते त्यालाच ठाऊक.

मी अजून बाईचं म्हणते, ओठांच्या आत.
बाप्याची जागा आली की गप्प बसते,
त्याच्या बोलण्याएवढी जागा कोरी सोडते.
चार लेबलं बसतात तिच्यात.
घाईत असले तर पाच.

परवा चेकिंगवाल्याने एक खमीस परत आणून टाकलं,
लेबल उलटं, इस्त्री डोक्यावर उभी,
काट मात्र दोन्हीकडून काटच.
उसवलं. दोऱ्याचे तुकडे फुंकरीने उडवले.
सुलटं करून पुन्हा टाके घातले,
तोवर त्याचं सगळं बोलून झालं होतं
आणि माझी ओळ
केव्हाची सुरू व्हायला हवी होती.