प्रत तिथंच ठेवू का?

नानलपेठेत माझं दुकान, अडीच खणांचं.
कूलर लावला की पंखा बंद ठेवतो,
इन्व्हर्टरला दोघं झेपत नाहीत.
मे महिन्यातल्या असल्या एका दुपारी
अनसूयाबाई ढवारे आल्या,
जुना सीपीयू उशीच्या अभ्र्यात गुंडाळून
रिक्षात मांडीवर घेऊन.

"वरच्या चिठ्ठ्या ह्यात उतरवायच्या."
वर म्हणताना बोट छताकडं,
जिथं माझा बंद पंखा.

अकरा वर्षांचा मेल. तीन हजार दोनशे बारा.
प्रोग्राम टाकला, पत्ता टाकला,
पासवर्डच्या वेळी त्यांनी मला
भिंतीकडं तोंड करायला लावलं.
पहिली चिठ्ठी उतरली, मग सतरा, मग चाळीस,
मोंढ्यात हमाल ट्रकमधून पोती काढतात तशा,
आणि कुठंच जाहिरात नाही,
ना सोन्याची, ना गुडघेदुखीच्या तेलाची.

बाई चष्मा वर करून बघत राहिल्या.
"फुकट जागा दिली.
अकरा वर्षं फुकट सांभाळलं.
आन् आता त्यांची पाटीबी न बघता
उचलून घरी नेऊ देतेत.
कामून?"

मी म्हणालो, आडत्याची शेड बघा.
ज्याच्या शेडमधून पोतं कधीही काढता येतं
त्याच्याकडंच माणूस पोतं टाकतो.
आणि एकदा टाकलं की काढतंय कोण?
शंभरात दोघं, तुमच्यासारखी.
बाकीचे रोज पाटीखालून ये-जा करतात.

"आन् ती दोघं?"

ती दोघं म्हणजे दुरुस्तीवाले, कारकून, कॉलेजातले मास्तर.
गावाला पत्ता काढून देणारे तेच.
त्यांना कुलूप दाखवलं तर
ते शंभर जणांना दुसऱ्या शेडकडं धाडतील.
शिवाय पत्ता त्यांचाच राहतो ना, बाई.
उद्याची चिठ्ठी त्यांच्याच दारात पडणार.
घागर भरून न्या खुशाल,
आड कुठं उचलून नेता येतो?

त्या हसल्या. मग म्हणाल्या,
एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते, ट्रंक बोर्डावर.
हॅलो परभणी. जिंतूर घ्या. बोला.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
कानाला हेडफोन, आणि ऐकायचं नाही असा नियम.
"नियम होता," एवढं बोलून थांबल्या.
जरा वेळानं, कुणी न विचारता:
"सेलूच्या एका पोरीचं लग्न मोडलेलं
तिच्या बापाआधी मला कळालं होतं."

लाइट गेली.
इन्व्हर्टर कण्हला, कूलर थांबला,
आकडा एक हजार नऊशे चारवर
आणि तिथून पुढं हळूहळू.
स्क्रीनवर एकच नाव पुन्हा पुन्हा उतरत होतं.
मी बघत नव्हतो.
आमच्यातही नियम आहे.

सेटिंगमध्ये एक चौकोन राहिला होता.
"प्रत तिथंच ठेवू का, असं विचारतंय."
"काढ म्हणलं तर खरंच काढतेत का?"
मला माहीत नव्हतं.
दुकानात बसून माहीत नाही म्हणायची सवय नाही,
म्हणून काढतात म्हणालो.
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
जसं कुणी ट्रंकवर म्हणावं,
बाई, फक्त एक मिनिट, संपतच आलंय.

"राहू द्या. दोन्हीकडं असू द्या.
एका लाइनीवर मी कधी भरवसा ठेवला नाही."

दोनशे रुपये दिले, सुटे.
सीपीयू परत अभ्र्यात बांधला,
गाठ मला मारू दिली नाही.
पायरीवर उन्हात उभ्या राहून म्हणाल्या,
"मोजीत तर असतेलच कुठं ना कुठं.
आम्ही निदान सांगायचो,
तीन मिनिटं झाली म्हणून."

लाइट आली तेव्हा सहा वाजत आले होते.
माझा स्वतःचा मेल उघडला, पंधरा वर्षांचा,
कडेला टाइल्सची जाहिरात, आणि एक कूलरची.
हा प्रोग्राम मी निम्म्या परभणीला टाकून दिलाय.
माझ्या चिठ्ठ्या अजून वरच आहेत.