सिंगल कॉलम

पाथर्डी फाट्याजवळ, चौथ्या लेनमध्ये,
पहाटे पावणेपाचला बिबट्या.
डेस्कवरून फोन: ऐंशी शब्दांत बसव,
खाली फ्लॅटची जाहिरात आहे.

बसवलं. वनविभाग, पिंजरा, घबराटीचे वातावरण.

मावलं नाही ते असं:
नाइट ड्यूटीवरून येणाऱ्या शायनी सिस्टरला
गेटच्या आत खेचलं ललन पासवाननं,
अंबडच्या कारखान्यातला;
त्याच्या खोलीत आठ जण राहतात म्हणून
सोसायटीनं गेल्याच महिन्यात अर्ज केलेला.
खाली सह्या बावीस.
तिचीही होती.

जिन्यात चहा झाला, तीन मजल्यांचा मिळून.
साखर कुलथेंची, दूध अत्तारांकडचं,
कप ज्याचे त्याचे;
कुणाचा कुठे गेला, वाद अजून चालू आहे.

एकटा वॉचमन सोमा गावित ओट्यावर,
तंबाखू मळत.
भीती नाही वाटत? मी विचारलं.
"देव हाय तो आमचा.
हितं नाला व्हता ना, पाण्याला येत आसंल.
तुमीच त्याच्या वाटंवर निजलाय."
सुरगाण्याचा माणूस. शेंदूर नव्हता जवळ,
कुणाच्या तरी रांगोळीतला तांबडा घेऊन
त्यानं कंपाउंडच्या दगडाला दोन बोटं ओढली.

तिसऱ्या रात्री सापडला.
'रहिवाशांनी सोडला सुटकेचा निःश्वास',
हेही मीच.

आठवड्यानं पुन्हा गेलो, उगाच.
दारं बंद, साखळ्या आतून.
ललनच्या खोलीवरचा अर्ज मागे घेतला का,
कुणाला नक्की माहीत नाही.
पण दगडावरचा रंग ताजा होता,
आणि पुढ्यात एक कप, कानतुटका,
पाणी भरून ठेवलेला.

सोमा म्हणाला, मी नाही ठेवला.